आणि आमचे शुक्रवार?

पॅरिसमध्ये सेन नदीच्या दगडी कठड्यावर हिरव्या पेट्या बसवलेल्या असतात आणि त्यांत जुनी पुस्तके, पोस्टकार्डे, पिवळी पडलेली मासिके विकायला मांडलेली असतात. अशाच एका पेटीत मला फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रच्या ज्यू प्रश्नावरील निबंधाची एक जुनी प्रत मिळाली. कागद युद्धानंतरच्या टंचाईच्या काळातला. इतका ठिसूळ की पान उलटताना कडेचा भुगा बोटांना लागत होता, आणि आतून तंबाखूचा कुबट वास येत होता. आधीच्या वाचकाने पुस्तकभर कुठेही रेघा मारलेल्या नव्हत्या. फक्त एका ठिकाणी, इतर माणसे ज्याला ज्यू समजतात तो ज्यू, असे सार्त्र म्हणतो तिथे, समासात शिसपेन्सिलीने बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांत तीन शब्द लिहिले होते: ‘आणि आमचे शुक्रवार?’

शुक्रवार म्हणजे शब्बाथची, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस सुरू होण्याची, संध्याकाळ. मेजावर घातलेले स्वच्छ पांढरे कापड, सूर्य मावळण्याआधी लावलेल्या मेणबत्त्या, फडक्याखाली झाकून ठेवलेला पाव, द्राक्षारसाचा पेला हातात धरून म्हटलेला आशीर्वाद. हे सारे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, अशा कोणीतरी ते पुस्तक वाचले होते. लिहिणारी व्यक्ती रागावलेली नसावी. रागाने लिहिणारा माणूस पेन्सिल दाबून धरतो, ही अक्षरे तर पुसट होती. मला खटकले ते वेगळेच. हे शत्रूचे पुस्तक नव्हते, मित्राचे होते. ज्यूंच्या बाजूने उभे राहून, पोटतिडकीने लिहिलेल्या पुस्तकात एका ज्यू वाचकाला स्वतःचे घर सापडत नव्हते, आणि मग फ्रान्समधील ज्यूंविषयीच्या या सगळ्या जुन्या वादाकडे मी त्या समासातून पाहू लागलो.

सार्त्रने हा निबंध १९४४ च्या शरद ऋतूत, पॅरिस नुकतेच मुक्त झालेले असताना लिहिला आणि तो पुस्तकरूपाने १९४६ मध्ये आला. वर्तमानपत्रे परतणाऱ्या युद्धकैद्यांवर रकानेच्या रकाने लिहीत होती, पण पोलंडमधील लुब्लिनच्या गॅस कोठड्यांत मेलेल्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवले. ज्यूद्वेष हे मत नव्हे, ती एक वासना आहे, असे तो म्हणतो आणि त्यासाठी त्याने दिलेला दाखला कधी विसरता येत नाही. एक बाई सांगते की फरचे कपडे शिवणाऱ्यांनी तिला फसवले, तिने विश्वासाने दिलेली फर जाळली, आणि ते सगळे ज्यू होते. सार्त्र विचारतो, मग तिने फर शिवणाऱ्यांचा द्वेष का नाही केला, ज्यूंचाच का केला? त्या काळात हे इतक्या स्वच्छपणे कोणीतरी ज्यू नसलेल्या माणसाने विचारावे, याचे मोल मोठे होते. तेव्हा विशीत असलेल्या आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या क्लोद लांझमान या ज्यू तरुणाला या पुस्तकामुळे पुन्हा मोकळा श्वास घेता आला, असे तो पुढे सांगत असे, आणि त्यात खोटे काही नाही. मार्टिनिक या फ्रेंच बेटावरून आलेला विचारवंत फ्रान्झ फॅनन काळ्या माणसाबद्दल लिहिताना याच निबंधाचा आधार घेतो आणि आपल्या एका शिक्षकाचे बोल उद्धृत करतो: ज्यूंची निंदा कानावर पडली की कान टवकार, कारण बोलणे तुझ्याबद्दलच चालले आहे.

त्याच निबंधात सार्त्रने ज्यूंच्या सभ्य मित्रालाही धारेवर धरले आहे. हा मित्र म्हणजे सुधारलेला, लोकशाही मानणारा गृहस्थ. त्याला समोर ज्यू दिसत नाही, अरब दिसत नाही, कामगार दिसत नाही; सर्व काळी, सर्व ठिकाणी सारखाच असलेला माणूस तेवढा दिसतो. ज्यूद्वेष्ट्याला ज्यूमधला माणूस संपवायचा असतो, तर या मित्राला माणसामधला ज्यू. हा गृहस्थ सार्त्रला शोधावा लागला नाही. तो दीडशे वर्षे फ्रान्सच्या संसदेत बसून होता.

२३ डिसेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेत चर्चा चालली होती ती नट, जल्लाद, प्रोटेस्टंट आणि ज्यू यांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क द्यायचे की नाहीत यावर. हे चौघे एकाच माळेत ओवलेले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. काउंट स्तानिस्लास द क्लेरमाँ-तॉनेर उभा राहिला आणि त्याने ते प्रसिद्ध सूत्र सांगितले, की राष्ट्र म्हणून ज्यूंना सर्व काही नाकारावे आणि व्यक्ती म्हणून त्यांना सर्व काही द्यावे. सूत्र सगळ्यांना पाठ असते, त्याच्या आगेमागे काय आहे ते फारसे कोणी वाचत नाही. ज्यू आपल्याबरोबर जेवत नाहीत आणि आपल्याशी सोयरीक करत नाहीत, या आक्षेपावर त्याने विचारले, मला तुमच्या मुलीशी लग्न करायला लावणारा काही कायदा आहे काय? सशाचे मांस खायला आणि तेही तुमच्याच पंक्तीला बसून खायला लावणारा कायदा आहे काय? रोटीबेटी व्यवहाराचा प्रश्न इतक्या चटकन निकालात काढणारा हा सरदार मला मनापासून आवडतो. पण त्याच भाषणात तो पुढे म्हणतो की व्यक्ती म्हणून नागरिक होणे त्यांना नको असेल तर त्यांनी तसे सांगावे आणि मग त्यांना हद्दपार करावे. एकाच भाषणात एका हाताने दार उघडले आहे आणि दुसऱ्या हाताने उंबऱ्यावरची अट दाखवली आहे. बोर्दोच्या ज्यूंना हक्क मिळाले जानेवारी १७९० मध्ये, आणि अल्सासच्या गरीब, यिडिश बोलणाऱ्या ज्यूंना सप्टेंबर १७९१ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्याआधी मेट्झ शहरातील विद्वत्सभेने निबंधस्पर्धा ठेवली होती: फ्रान्समधील ज्यूंना अधिक उपयुक्त आणि अधिक सुखी करण्याचे काही उपाय आहेत काय? पारितोषिक तिघांत वाटले गेले. त्यातील ॲबे ग्रेग्वार हा सहृदय धर्मगुरू इतिहासात राहिला. त्याने ज्यूंचे शारीरिक, नैतिक आणि राजकीय ‘पुनरुज्जीवन’ सुचवले, म्हणजे आज ते बिघडलेले आहेत हे आधी गृहीत धरले. दुसरा होता पोलंडहून आलेला झाल्किंद हुर्विट्झ, स्वतः ज्यू. त्याचे उत्तर असे, की त्यांना दुःखी आणि निरुपयोगी करणे थांबवा म्हणजे झाले. या सगळ्या वादातील इतके सरळ वाक्य मला पुढच्या दोनशे वर्षांत दुसरे सापडले नाही, आणि ते कोणीही घोषणा म्हणून वापरलेले नाही.

मराठी माणसाला क्लेरमाँ-तॉनेरचे सूत्र वाचताना थोडे अडखळायला होते. आमच्याकडे अलिबाग-पेणच्या पट्ट्यातील बेने इस्रायल या मराठी ज्यूंना गावाने ‘शनवार तेली’ म्हटले, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. तुम्ही व्यक्ती आहात की राष्ट्र, असे त्यांना कोणी विचारले नाही. त्यांचा शनिवार त्यांच्या नावातच जमा करून घेतला आणि त्यांना जातींच्या उतरंडीत एक पायरी देऊन टाकली. त्या पायरीची किंमत काय होती ते आपण जाणतोच, म्हणून या आठवणीने मी हुरळून जात नाही. पण फ्रेंच जनगणनेत १८७२ नंतर धर्म विचारलाच गेला नाही, हे ऐकल्यावर प्रत्येक अर्जात धर्म-जातीचा रकाना भरत मोठे झालेल्या माणसाला आधी सुटल्यासारखे वाटते आणि मागोमाग प्रश्न पडतो, की कागदावर जे विचारायचेच नाही ते लोकांच्या मनातून कुठे जाते?

ते जेवणाच्या मेजावर जाते. द्रेफ्यूस या ज्यू सेनाधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते सविस्तर सांगत बसत नाही. पण १४ फेब्रुवारी १८९८ च्या ‘ल फिगारो’मध्ये कारां दाश याने काढलेले व्यंगचित्र अवश्य पाहावे. वरच्या चौकटीत एक सुखवस्तू कुटुंब नीटनेटक्या मेजाभोवती बसले आहे आणि यजमान बोट वर करून बजावतो आहे की द्रेफ्यूस प्रकरणाचा विषय काढायचा नाही. खालच्या चौकटीत तेच मेज कलंडले आहे, खुर्च्या उलट्यापालट्या झाल्या आहेत, लोक एकमेकांच्या नरड्याला लागले आहेत, आणि खाली एवढेच लिहिले आहे: ‘त्यांनी विषय काढला.’ याच दिवसांत चित्रकार दगाने हालेव्ही या मूळच्या ज्यू, जुन्या स्नेही कुटुंबाकडे जाणे बंद केले. कादंबरीकार मोरिस बारेसने तर पुराव्याची गरजच उरू दिली नाही: द्रेफ्यूस देशद्रोह करू शकतो, हे मी त्याच्या वंशावरून ठरवतो. कादंबरीकार झोलाने १३ जानेवारीला द्रेफ्यूसच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पत्र लिहिले आणि ते योग्यच होते. पण त्या पत्राआधी वर्षभराहून अधिक काळ एकटा झगडणारा माणूस माझ्या मनात अधिक घर करून राहतो.

तो माणूस म्हणजे बर्नार लाझार. नीममध्ये जन्मलेला, अराजकवादी विचारांचा, धर्म न मानणारा तरुण टीकाकार. १८९४ मध्ये त्याने ज्यूद्वेषाच्या इतिहासावर पुस्तक लिहिले आणि ज्यूंच्या वेगळे राहण्यातही या द्वेषाचे एक कारण आहे, असे त्यात मांडले. ते वाचून एदुआर द्रुमाँ खूष झाला, जो १८८६ पासून ज्यूंच्या नावाने विष ओकून श्रीमंत झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्रेफ्यूसला अटक झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी सैनिकी विद्यालयाच्या पटांगणात त्याच्या गणवेशावरची पदचिन्हे उपटली गेली. ती झटकन निघावीत म्हणून टाके आधीच उसवून ठेवले होते, आणि तलवारही मोडायला सोपी करून ठेवली होती. हे सारे घडत असताना लाझारचे मन पालटत गेले. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्याने ब्रुसेल्सहून पुस्तिका काढली, द्रेफ्यूस निर्दोष आहे असे म्हणणारी. प्रतिष्ठित ज्यू मंडळींना हा ओरडा नको होता. गप्प राहिलो तर वादळ निघून जाईल, असे त्यांना वाटत होते. लाझार मात्र आता उघड म्हणू लागला, की मी बहिष्कृत आहे आणि मला ते ठाऊक आहे. ज्यूंसाठी वेगळा मायदेश मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीत तो गेला आणि तिचा पुढारी हर्झल याच्याशी न पटल्याने बाहेरही पडला. १९०३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो वारला तेव्हा ज्यांच्यासाठी त्याने हाडांची काडे केली होती त्यांच्यापैकी थोडेच लोक अंत्ययात्रेला होते. त्याचे सर्वांत सुंदर चित्र रेखाटले ते शार्ल पेगी या कॅथलिक कवीने. ‘देवाच्या वचनाने निथळणारा नास्तिक’ असे त्याने लाझारला म्हटले आहे.

लाझारच्या घरी शुक्रवार पाळला जात असेल असे मला वाटत नाही.

आणि म्हणूनच समासातल्या त्या तीन शब्दांनी सार्त्र निरुत्तर होतो, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. मार्क ब्लॉकचेच पाहा. अल्सासी ज्यू घराण्यातला हा इतिहासकार, ‘आनाल’ या इतिहासविषयक नियतकालिकाच्या दोन संस्थापकांपैकी एक, १९३९ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी, सहा मुलांचा बाप असताना, पुन्हा सैन्यात गेला. जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर ३ ऑक्टोबर १९४० रोजी जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ज्यूंसंबंधीचा कायदा केला आणि प्राध्यापक, अधिकारी, पत्रकार यांना एका फटक्यात नोकरीबाहेर काढले. ब्लॉकला विशेष विद्वत्तेसाठी अपवाद म्हणून ठेवले गेले, ही सवलत कोणत्याही अपमानाहून कमी नव्हती. व्यापलेल्या पॅरिसमध्ये ‘आनाल’ चालू राहावे म्हणून सहसंस्थापक लुस्यँ फेव्हर याने त्याला मुखपृष्ठावरचे नाव काढून घेण्याची गळ घातली; ब्लॉकने आधी ठाम नकार दिला, मग मान तुकवली आणि ‘फुजेर’ या टोपणनावाने लिहू लागला. त्या पत्रव्यवहाराबद्दल वाचताना मला फेव्हरचाही राग धड करता येत नाही. पराभवाची मीमांसा करणाऱ्या आपल्या पुस्तकात ब्लॉक लिहितो की मी जन्माने ज्यू आहे, त्याचा मला अभिमानही नाही आणि लाजही नाही, आणि मी माझे मूळ एकाच प्रसंगी पुढे करतो: ज्यूद्वेष्टा समोर असेल तेव्हा.

हे वाक्य फ्रान्समध्ये फार आदराने उद्धृत केले जाते. मलाही ते आवडते, आणि तरी ते मला स्वस्थ बसू देत नाही. कारण मग ज्यूद्वेष्टा खोलीतून निघून गेल्यावर काय उरते? बेर्गसाँ या ज्यू तत्त्वज्ञाचे उत्तर वेगळे होते. तो मनाने कॅथलिक पंथापर्यंत पोहोचला होता, पण १९३७ च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले, की जगावर ज्यूद्वेषाची लाट येताना दिसली नसती तर मी धर्मांतर केले असते. उद्या ज्यांचा छळ होणार आहे त्यांच्यात राहणे मी पत्करले. व्हिशीचा कायदा आला तेव्हा ज्यू घरात जन्मलेली तत्त्वज्ञ आणि शिक्षिका सिमोन वेल हिने मात्र शिक्षणमंत्र्यांना उपरोधिक पत्र पाठवले, की ज्यू म्हणजे काय याची व्याख्या माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हती. बुद्धी तिघांचीही लखलखीत. पण वेलच्या पत्रातील हुशारी मला थंड वाटते आणि बेर्गसाँचे ते न बदलणे ऊबदार, यात माझा स्वभाव किती आणि न्याय किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

समासातील प्रश्नाला सर्वांत सविस्तर उत्तर दिले ते लिथुआनियात जन्मलेल्या तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनासने. तो फ्रेंच सैनिक म्हणून पकडला गेला आणि जर्मनीत ज्यू युद्धकैद्यांच्या वेगळ्या तुकडीत लाकूडतोड करत राहिला. गणवेशामुळे तो वाचला, लिथुआनियातले त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. तो लिहितो, की कामावर जाताना रस्त्यातली माणसे, बायका, मुले आमच्याकडे पाहत, आणि त्या नजरेत आम्ही माणसे नव्हतो. मग छावणीत कुठून तरी एक भटका कुत्रा आला. त्यांनी त्याचे नाव बॉबी ठेवले. सकाळच्या हजेरीला आणि संध्याकाळी परतताना तो उड्या मारत, भुंकत त्यांचे स्वागत करी. त्याच्या लेखी ही माणसे आहेत याबद्दल शंकाच नव्हती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले. बॉबीला लेव्हिनास ‘नाझी जर्मनीतील शेवटचा कान्टवादी’ म्हणतो, म्हणजे माणसाची प्रतिष्ठा मानणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कान्टचा अनुयायी. दुसऱ्याच्या नजरेने माणूस घडतो, हे सार्त्रचे म्हणणे त्याने छावणीत सोसून पाहिले होते. आणि तरी ज्यू असणे त्या नजरेपाशी संपत नाही, ते ग्रंथांच्या अभ्यासात, आपण न निवडलेल्या कर्तव्यात आहे, असे त्याने आयुष्यभर शिकवले. पॅरिसमधील एका ज्यू शिक्षक-विद्यालयाचा तो अनेक वर्षे संचालक होता. १९५७ पासून भरू लागलेल्या फ्रेंचभाषक ज्यू विचारवंतांच्या सभांत तो तालमुद या ज्यू धर्मग्रंथाचे उतारे उलगडून दाखवी.

अल्जिरिया या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीची बाजू या वादात नेहमी मागे राहते. तिथल्या सुमारे पस्तीस हजार ज्यूंना १८७० मध्ये क्रेमिय हुकुमाने एका सहीने फ्रेंच केले, मुसलमानांना मात्र वगळले. आणि ऑक्टोबर १९४० मध्ये दुसऱ्या सहीने ते नागरिकत्व काढून घेतले. १९४२ मध्ये झाक देरिदा नावाच्या, पुढे तत्त्वज्ञ झालेल्या, बारा वर्षांच्या ज्यू मुलाला शाळेतून घरी पाठवले गेले. त्या काळात अल्जिरिया जर्मन सैन्याच्या ताब्यात नव्हता.

पुढे सगळे धागे जणू एकाच वर्षी एकत्र आले, ते १९८०. मार्चमध्ये अंध, थकलेल्या सार्त्रची त्याचा तरुण सचिव बेनी लेव्ही याच्याबरोबरची संभाषणे ‘नुव्हेल ऑब्झर्व्हातर’मध्ये छापून आली. लेव्ही कैरोत जन्मलेला, एकेकाळचा माओवादी पुढारी, आता तालमुदकडे वळलेला. ज्यू म्हणजे केवळ ज्यूद्वेष्ट्याने केलेला माणूस नव्हे, त्याला स्वतःचे वास्तव आहे, हे सार्त्रने त्यात मान्य केले, आणि तो निबंध लिहिताना ज्यूंचे एकही पुस्तक वाचले नव्हते हेही. म्हातारा पोराच्या कह्यात गेला, असे त्याचे जुने सोबती म्हणाले. त्याची आयुष्यभराची सोबतीण, लेखिका सिमोन द बोव्हार संतापली. सार्त्रने छापण्याचा आग्रह सोडला नाही, आणि १५ एप्रिलला तो गेला. त्याच वर्षी, ऑश्विट्झमधून वाचलेल्या बापाचा मुलगा आलँ फिंकिएलक्रॉत याने आपल्या पिढीचे वाभाडे काढले: आईबापांच्या यातना पदकासारख्या छातीवर मिरवणारे आपण काल्पनिक ज्यू आहोत. मे १९६८ मध्ये रस्त्यावर ‘आपण सारे जर्मन ज्यू’ ही घोषणा ऐकताना, आपली मक्तेदारी गर्दीने लुटली असे त्याला वाटले होते, हेही त्याने लपवले नाही. आणि त्याच वर्षी प्राचीन ग्रीसचा अभ्यासक पिएर विडाल-नाके याने, ज्याचे आईवडील ऑश्विट्झला पाठवले गेले, गॅस कोठड्या नव्हत्याच म्हणणाऱ्या फोरिसोंचा खोटेपणा टिपणीगणिक उघडा पाडला. या लोकांबद्दल बोलावे, यांच्याशी बोलू नये, असा त्याचा दंडक होता. पण १९९० मध्ये अशा नाकारण्याला गुन्हा ठरवणारा कायदा आला तेव्हा त्याने त्याला विरोध केला. इतिहास न्यायालयाने ठरवू नये, हे त्याचे म्हणणे मला पटते. आपल्याच मृतांच्या बाबतीत मला इतके तत्त्वाला धरून राहता आले असते का, हा वेगळा प्रश्न.

३ ऑक्टोबर १९८० ही शुक्रवारची संध्याकाळ होती. पॅरिसच्या कोपर्निक रस्त्यावरील प्रार्थनामंदिरात लोक जमले असताना बाहेर मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि चार माणसे मेली. पंतप्रधान रेमाँ बार दूरचित्रवाणीवर म्हणाले, की प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या ज्यूंना मारण्यासाठी केलेल्या या घृणास्पद हल्ल्यात रस्ता ओलांडणारे निष्पाप फ्रेंच लोक बळी पडले. म्हणजे आत बसले होते ते निष्पापही नव्हते आणि फ्रेंचही नव्हते. हे बार यांना म्हणायचे होते असे मी मानत नाही. पण १७८९ चे सूत्र दोनशे वर्षे शाळेत शिकलेल्या देशाच्या पंतप्रधानाच्या तोंडून, घाईच्या क्षणी, ही विभागणी आपसूक बाहेर पडली. त्याआधी १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल यांनी पत्रकार परिषदेत ज्यूंना ‘उच्चभ्रू, आत्मविश्वासू आणि वर्चस्व गाजवणारी जमात’ म्हटले होते, आणि ज्यू घराण्यात जन्मलेल्या रेमाँ आराँ या विचारवंतासारखा अगदी मुरलेला फ्रेंच माणूसही उसळून लिहिता झाला होता.

आज हा वाद इस्रायलच्या नावाने चालतो आणि बहुतेक वेळा दोन्हीकडचे लोक आधी शत्रू कोण ते ठरवून मग ज्यूंबद्दल बोलतात. १२ नोव्हेंबर २०२३ ला ज्यूद्वेषाविरुद्ध पॅरिसमध्ये लाखभर लोकांचा मोर्चा निघाला. गॅस कोठड्यांना इतिहासातील ‘तपशील’ म्हणणाऱ्या ज्याँ-मारी ल पेन यांनी उभारलेला पक्ष त्यात चालत होता, आणि डाव्यांचा एक मोठा पक्ष त्याच कारणाने घरी राहिला. वर्षभराने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मार्क ब्लॉकला पाँतेआँ या थोर फ्रेंच व्यक्तींच्या स्मारकात स्थान देण्याची घोषणा झाली, तेव्हा समारंभापासून अतिउजव्यांना दूर ठेवा, अशी मागणी त्याच्या कुटुंबीयांनी केली. ती मला रास्त वाटते. १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी ब्लॉकला गोळ्या घातल्या. त्याचे मृत्युपत्र मार्च १९४१ चे आहे. माझ्या थडग्यावर हिब्रू प्रार्थना म्हणाव्यात असे मी मागितलेले नाही, असे त्याने त्यात लिहिले, आणि लगेच पुढे, हा भ्याडपणा समजला जाऊ नये म्हणून मृत्यूच्या समोर उभा राहून सांगतो की मी ज्यू म्हणून जन्मलो. आणि जगलो तसाच एक चांगला फ्रेंच माणूस म्हणून मरत आहे, असेही. यातले प्रार्थना नाकारणारे वाक्य प्रजासत्ताकाचे लाडके, आणि जन्माचे वाक्य ज्यू संस्थांचे. मृत्युपत्रात मात्र ती एकापाठोपाठ एक आली आहेत, आणि कोणते आधी वाचायचे हे ब्लॉकने कोणावरही सोपवलेले नाही.